शशी नावाच्या इसमाबाबत

पुरवणी जबाब

दिनांक २ ऑक्टोबर २०२४, बुधवार. वेळ सकाळी १०.४०.
ठिकाण: पोलीस स्टेशन, बेडफर्डशायर, खोली क्रमांक दोन.
नाव: वैजयंती मोहन आठल्ये. वय ६६ वर्षे. व्यवसाय: निवृत्त, पूर्वी हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये चौतीस वर्षे नोकरी. राहणार: स्टॅनमोर.
समोर हजर: डीसी हॉल्ट, तपास अधिकारी, आणि दुभाषी वरदा.

मी स्वतः इथे येऊन, कोणाच्याही दबावाशिवाय सांगते ते असं.

माझा पहिला जबाब १९ सप्टेंबरला शेताच्या फाटकापाशी पोलिसांच्या गाडीत बसून मी इंग्रजीत दिला होता. मला इंग्रजी चांगलं येतं. चौतीस वर्षं इंग्रजीतच रिपोर्ट लिहिले. तरी आजचा जबाब मी मराठीत देते आहे, कारण हे इंग्रजीत सांगायला गेले तर माझं मलाच खोटं वाटेल. दुभाषी मुलगी हाउन्सलोची, इथेच जन्मलेली आहे. मराठी बरं आहे तिचं, पण "ती शेत" लिहिते. दोन ठिकाणी मी दुरुस्त करायला लावलं आहे.

डीसी हॉल्ट यांनी मला आधीच सांगितलं की या जबाबातून माझ्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो. वकील हवा का, असं दोनदा विचारलं. मी नको म्हटलं. तिसऱ्यांदा विचारू नका असंही म्हटलं.

पहिल्या जबाबात मी तीन गोष्टी सांगितल्या होत्या. मी पूर्ण वेळ गाडीत बसून होते. मला कसलाही आवाज ऐकू आला नाही. आणि शशी नावाच्या कोणाला मी ओळखत नाही. तिन्ही खोट्या आहेत. लॅबमध्ये इतक्या वर्षांत मी एका बाटलीवर चुकीचं लेबल लावलं नाही, आणि त्या दिवशी एका दमात तीन लावली.

परवा सोमवारी डीसी हॉल्ट यांचा फोन आला. शशी सापडला, असं त्या म्हणाल्या. जवळच्या फळांच्या पॅकिंग शेडमध्ये काम करणारा केरळचा माणूस, वय त्रेचाळीस. त्याला दोनदा चौकशीला बोलावलं होतं आणि कंपनीने कामावरून घरी बसवलं होतं. त्याचा व्हिसा त्या नोकरीवर आहे. मी त्या माणसाला कधी पाहिलेलं नाही. माझ्या पतींनीही पाहिलेलं नव्हतं. त्याला सोडून द्या. शशी म्हणजे मी.

लग्नाआधी माझं नाव शशिकला रघुनाथ लिमये. घरात, गावात, शाळेत सगळे शशी म्हणायचे. गाव देवरूखजवळ. १९८३ साली लग्न झालं तेव्हा आमच्यातल्या पद्धतीप्रमाणे ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवं नाव लिहिलं, ते वैजयंती. सासूबाईंनी निवडलं होतं. पासपोर्ट, नोकरी, पेन्शन, घराची कागदपत्रं, सगळं वैजयंतीच्या नावावर आहे. मला शशी म्हणणारं माणूस आता एकही जिवंत नाही. डॉक्टर तर मला कुठल्याच नावाने हाक मारत नसत. एकेचाळीस वर्षं "अगं" नाहीतर "ऐकलंस का". मीही त्यांचं नाव घेत नसे. डॉक्टर म्हणजे माझे पती, डॉ. मोहन आठल्ये, वय ७०, निवृत्त जीपी.

शेताविषयी. निवृत्तीनंतर डॉक्टरांनी मिस्टर प्रेंटिस यांच्याकडून बारा एकर भाड्याने घेतले आणि होम ऑफिसचा परवाना काढून हेम्प लावलं. हे भांगेच्याच जातीचं, पण नशा जवळजवळ नसलेलं पीक आहे. बिया आणि खोडाचा धागा विकायची परवानगी असते. पानं आणि फुलं मात्र कायद्याने बंद. ती शेताबाहेर न्यायची नाहीत, तिथेच कुजवायची. परवाना डॉक्टरांच्या नावावर होता आणि त्यांनी तो देवघरासमोर फ्रेम करून लावला होता. मी म्हणायची, आता त्याला हळदकुंकू वाहा. पिकाची रोजची नोंद ते एका निळ्या वहीत मराठीत करायचे. शेताचे त्यांनी चौदा पट्टे पाडले होते, मध्ये पायवाटा, प्रत्येक पट्ट्याला नंबराची काठी.

डॉक्टरांच्या पायात रोज गोळे यायचे. सगळी औषधं झाली. माणूस पायाचा अंगठा धरून कण्हत बसायचा आणि वर मलाच म्हणायचा, तू झोप. दुकानात हेम्पचंच, सीबीडीचं तेल मिळतं, ते आणलं. दिवसाला दहा मिलिग्रॅमच्या वर घेऊ नका, अशी सरकारी सूचना आहे, म्हणून ते बाटलीवर रेघ आखून घ्यायचे. काही उपयोग झाला नाही. बाहेरच्या देशातून आलेलं तेल कायदेशीर आणि आपल्या शेतातलं तेच झाड उचललं की गुन्हा, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापासून मी दर गुरुवारी फुलांचे शेंडे कापून कापडी पिशवीत घरी नेत होते. मंगळवारी डॉक्टर ब्रिज खेळायला गेले की मी ते शेंडे मंद गॅसवर तिळाच्या तेलात कढवायची, खिडक्या उघड्या ठेवून. ते तेल मी त्यांच्या पोटऱ्यांना चोळायची. पुण्याहून आलेलं नारायण तेल आहे असं सांगितलं होतं. गोळे थांबले. ते झोपायला लागले. एकदा मला म्हणाले, "अगं, पुण्याचं तेल म्हणजे पुण्याचं तेल." मी हो म्हटलं.

कापलेले शेंडे त्यांच्या लक्षात आले. त्यांना वाटलं गावातली पोरं गांजा समजून तोडून नेतात. चोरी झाली तर होम ऑफिसला कळवायचं असा नियम आहे, आणि माझा नवरा नियमाला असा की लाल सिग्नलला रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी थांबणार. त्यांनी ईमेलचा मसुदा तयार केला आणि चोर कोण ते कळल्यावर पाठवू म्हणून ठेवून दिला. तेव्हाच मी सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर त्यांनी स्वतःच परवाना परत केला असता, आणि शेत हाच त्यांचा जीव होता. म्हणून गप्प बसले.

गुरुवार १९ सप्टेंबर. पितृपक्षातली द्वितीया. ५.३५ वाजता आम्ही फाटकापाशी पोचलो. डॉक्टर म्हणाले, "अगं, बस इथेच. चिखल आहे. मी कुंपणाने एक चक्कर मारून येतो. आज चोराला पकडतोच बघ." मी म्हटलं, "पकडा, आणि चहाला घेऊन या." ते हसले. फोन गाडीतच ठेवून गेले. हे आमचं शेवटचं बोलणं.

५.५० ला मी कात्री आणि पिशवी घेऊन दुसऱ्या बाजूने शेतात शिरले. पीक माझ्या डोक्यावर दीड हात गेलं होतं. एरवी त्याची पानं सतत सळसळतात. त्या दिवशी वारा अजिबात नव्हता आणि सगळं शेत कान देऊन उभं असावं तसं गप्प होतं. माझ्या कात्रीचा आवाज मलाच मोठा वाटत होता. नऊ नंबरच्या पट्ट्यात मी सहा शेंडे कापले आणि दहा नंबरमध्ये गेले.

६.३२ ला पहिली हाक आली. वेळ नक्की आहे, कारण मी घड्याळात पाहिलं. हाक "शशी" अशी होती.

आवाज डॉक्टरांचा होता का, असं डीसी हॉल्ट विचारतात. आवाज पुरुषाचा होता की बाईचा, हेही मी सांगू शकत नाही. जाड होता, जीभ जड झाल्यासारखा. माझ्या मागून, डावीकडून, फाटकाच्या उलट दिशेने आला. माझ्या तोंडात "ओ" आलं होतं. ते मी गिळलं.

का गिळलं ते सांगते, हे कृपा करून जसंच्या तसं लिहावं. आमच्या गावात तिन्हीसांजेला, त्यातून पितृपक्षात, बाहेरून हाक आली तर लगेच ओ देत नाहीत. माझ्या आत्याने हे मला चमच्याने भरवावं तसं भरवलं होतं. जिवंत माणूस तीन वेळा हाक मारतं. दुसरं जे असतं ते दोनदाच मारतं. म्हणून तिसऱ्या हाकेपर्यंत थांबायचं. मी शिकलेली बाई आहे, रक्ताच्या काचपट्ट्या बघण्यात आयुष्य गेलं, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण जे नाव चाळीस वर्षांत कोणी घेतलं नाही ते त्या परक्या शेतात ऐकल्यावर मी लॅबमधली राहिले नाही. मला वाटलं, आईच आली. नाहीतर आत्या. पिशवी छातीशी धरून मी उभी राहिले.

६.३६ ला दुसरी हाक आली. "शशी". या वेळी जवळून, आणि हळू. त्यात थोडं हसू होतं असं मला वाटलं. आज वाटतं ते हसू नसावं, तोंड वाकडं झाल्यामुळे तसं ऐकू आलं असावं.

मी तिसरीची वाट पाहिली. आली नाही.

मग मी तिथून निघाले, पण मला वाट सापडेना. शेत बारा एकरांचं, पट्टे आम्हीच आखलेले, काठ्यांवरचे नंबर मीच रंगवलेले. दहा नंबरची काठी मला तीनदा लागली. चालत राहिले आणि पुन्हा तीच काठी. आमच्याकडे याला चकवा म्हणतात. डीसी हॉल्ट यांनी याला घाबरणं असं लिहायला सांगितलं, तर तेही लिहा. ६.५८ ला मी बाहेर पडले तेव्हा रस्त्यावरून एक माणूस कुत्रं घेऊन जात होता. त्याने मला पाहिलं नाही.

गाडीत डॉक्टर नव्हते. त्यांच्या मोबाईलला फोन केला, तो गाडीतच वाजला. हाक त्यांची असेल असं तेव्हा मनात आलं का? आलं. लगेच आलं. पण पिशवी हातात होती. पोलीस आले, पिशवी सापडली, तर परवाना जाईल, डॉक्टरांचं नाव पेपरात येईल, हे त्याच्या पुढे उभं राहिलं. मी रस्त्याकडेच्या खड्ड्यापलीकडे जाऊन पिशवी खाजखुजलीच्या झुडपात खुपसली. बाटलीतल्या पाण्याने हात धुतले. वास जाईना, म्हणून जेल लावून पुन्हा धुतले. स्वेटर बदलला. ७.२२ ला मी ९९९ ला फोन केला. म्हणजे चोवीस मिनिटं. पिशवी अजून तिथेच आहे, जागा नकाशावर दाखवली आहे.

पोलीस ७.३८ ला आले. डॉक्टर कुंपणाकडे गेले, मी आवाज ऐकला नाही, असं मी सांगितलं. म्हणून सगळे कुंपणाने शोधत गेले. डॉक्टर ८.२५ ला सापडले, नऊ नंबरच्या पट्ट्यात. मी जिथे उभी होते तिथून अकरा पावलांवर. मागे डावीकडे नव्हे. समोर. मी तोंड करून उभी होते त्याच बाजूला.

कुत्रेवाल्याने त्याच रात्री, माझा जबाब घेण्याआधी, पोलिसांना सांगितलं होतं की एक म्हातारा आत दोनदा "शशी" असं ओरडला. त्याला वाटलं, कुत्र्याला बोलावतोय.

मेंदूत रक्तस्राव झाला होता. डॉक्टरांच्या मनगटावर उर्वीने, आमच्या मुलीने, दिलेलं घड्याळ होतं, पावलं आणि नाडी मोजणारं. त्याची माहिती काल मला दाखवली. पावलं ६.३० ला थांबली. नाडी ७.५१ पर्यंत होती. म्हणजे पोलीस आले तेव्हा होती. नऊ नंबरला जा, एवढं मी म्हणायला हवं होतं. उर्वी ग्लासगोला न्यूरो वॉर्डमध्ये डॉक्टर आहे. ती म्हणते, "आई, एवढा मोठा ब्लीड होता, काहीच डिफरन्स झाला नसता." ती डॉक्टर म्हणून बोलते की मुलगी म्हणून, ते मी तिला विचारलेलं नाही.

आता वहीबद्दल. ती त्यांच्या कोटाच्या खिशात होती. शेवटच्या पानाचा फोटो डीसी हॉल्ट यांनी आज मला दाखवला आणि हे अक्षर कोणाचं ते विचारलं. अक्षर डॉक्टरांचंच आहे. नोंद अशी: "१९/९. ६.२५. पट्टा ९. सहा शेंडे, ताजे. कात्रीने, तिरके कापलेले. चोर नव्हे. होम ऑफिसला कळवायचं नाही."

तिरके म्हणजे काय, असं विचारल्यावरून सांगते की मी कढीपत्ता, कोथिंबीर, गुलाब, जे काय कापते ते तिरकंच कापते. डॉक्टर मला एकेचाळीस वर्षं टोकत आले, "अगं, सरळ काप की." त्यांनी तो काप बघितला आणि ओळखलं. माझ्या नवऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला, तोही लेखी.

त्यांनी शशी अशी हाक का मारली? डीसी हॉल्ट म्हणतात, मेंदूला मार बसला की जुनी नावं वर येतात. मला हे माहीत आहे, मी हॉस्पिटलातच होते. पण ६.२५ ला त्यांचं अक्षर स्वच्छ आहे, एकही रेघ थरथरलेली नाही. मला वाटतं त्यांनी ठरवून मारली. सगळ्या कागदांवर माझं नाव वैजयंती आहे. पलीकडे रस्ता, येणारा-जाणारा, कोणी ऐकलं तर वैजयंती त्या वेळी शेतात होती असं होईल. म्हणून कुठल्याच कागदावर नसलेलं नाव त्यांनी घेतलं. ते नाव त्यांना माहीत होतं, कारण आमच्याकडे मला बघायला आले तेव्हा त्यांनी ते एकदा उच्चारलं होतं, पोहे खाताना. "शशी नाव छान आहे," असं. मला पाठीशी घालायला त्यांनी ती हाक मारली आणि नेमक्या त्याच हाकेला मी ओ दिली नाही. मला रडू येत नाही असं डीसी हॉल्ट यांनी नोंदवलं आहे, ते खरं आहे. मला राग येतो. त्यांचाही येतो. साधं "अगं" म्हटलं असतं तर मी धावत आले असते.

डॉक्टरांचा देह अजून कोरोनरच्या ताब्यात आहे. दहावा, तेरावा काही झालेलं नाही. आज सर्वपित्री अमावस्या आहे. गेले तेरा दिवस मी घरात पुढच्या हॉलमध्ये खुर्ची टाकून बसते. टीव्ही लावत नाही. बाथरूमचं दार लोटून घेत नाही, नळ बारीक सोडते. आधी मला भीती वाटायची, तिसरी हाक येईल म्हणून. आता ती भीती गेली. येत नाही याची वाटते. तीन आल्या तर हाक जिवंत माणसाची, असं आत्या म्हणायची, आणि माझ्याकडे दोनच आहेत.

याहून जास्त मला सांगायचं नाही. शेंडे मी कापले, तेल मी केलं, डॉक्टरांना त्या संध्याकाळी ६.२५ पर्यंत काहीही माहीत नव्हतं. त्यांच्या नावापुढे काही लिहू नये. केरळच्या त्या गृहस्थांना कामावर परत घेण्यासाठी पत्र द्यावं, त्याखाली मी सही करीन.

दुभाषीची नोंद: वरील जबाब मी साक्षीदाराला पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचून दाखवत होते. "साधं अगं म्हटलं असतं तर" या वाक्यापाशी, १२.५२ वाजता, साक्षीदार दाराकडे वळून "ओ, आले हं" असं म्हणाल्या आणि उभ्या राहिल्या. मी वाचायची थांबले. खोलीत आम्ही तिघीच होतो. मी कोणतीही हाक ऐकली नाही. डीसी हॉल्ट यांना मराठी येत नाही. त्यांनी उठून दार उघडलं आणि कॉरिडॉरमध्ये दोन्ही बाजूंना बघितलं. बाहेर कोणी नव्हतं. दार का उघडलं, असं मी त्यांना विचारलं. त्या दार उघडंच ठेवून परत जागेवर बसल्या. साक्षीदार पुन्हा बसल्या आणि ही नोंद त्यांच्याच सांगण्यावरून घेतली आहे. त्यानंतर उरलेला जबाब वाचून पूर्ण केला.

जबाब मला शेवटपर्यंत ऐकवला. मी सांगितला तसाच उतरला आहे, त्यात कमीजास्त काही नाही. यात जाणूनबुजून खोटं असेल तर शिक्षा होऊ शकते हे मला ठाऊक आहे. पासपोर्टवरच्याच नावाने सही करा असं मला सांगण्यात आलं. मी दोन्ही नावांनी केली आहे.

सही: वैजयंती मोहन आठल्ये
सही: शशी